अडुळशाचं पान की आठ मिलिग्रॅमची गोळी?

खोकल्याच्या औषधावरून वाद बहुतेक घरांत होतात. आमच्याकडे तो दोन जाणत्यांमध्ये होतो, म्हणून लांबतो. आत्या वैद्य. कुडाळला तिचा दवाखाना, आणि मागच्या परड्यात गडग्याला लागून अडुळशाची दाट रांग. माझा थोरला भाऊ औषधनिर्माणाच्या रसायनशास्त्रातला, रोह्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गुणवत्ता तपासणी विभागात नोकरीला. दोघांचंही पोट औषधावर, दोघांनाही वाचनाची खोड, आणि दोघांनाही समोरच्याचं ज्ञान अर्धवट वाटतं. या वेळी मी वही घेऊनच बसले, कारण आदल्या दिवशीचं बोलणं दुसऱ्या दिवशी दोघंही थोडं बदलून सांगतात.

ज्यांनी अडुळसा फक्त बाटलीवरच्या चित्रात पाहिला असेल त्यांच्यासाठी एवढंच: पुरुषभर उंचीचं, बारमाही हिरवं झुडूप. पानं समोरासमोर, वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती. फुलं पांढरी, खालच्या पाकळीवर जांभळट रेघा, जबडा उघडल्यासारखी. शेळी याला तोंड लावत नाही, त्यामुळे कुंपणाला हे झाड फार सोयीचं.

आत्या: तुझ्या बॅगेत खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी दिसली मला. ब्रोमहेक्झिन. ती गोळी आली कुठून, सांग बघू बहिणीला.

दादा: औषधाच्या दुकानातून.

आत्या: चावटपणा नको. कुळी सांग तिची.

दादा: सांगतो, पण पुरती सांगणार, तुला हवी तेवढीच नाही. 1888 साली डेव्हिड हूपर या रसायनतज्ज्ञाने अडुळशाच्या पानातून एक अल्कलॉइड वेगळा केला. हूपर तेव्हा मद्रास सरकारच्या नोकरीत, उटकमंडला सिंकोनाच्या सालीतलं क्विनीन मोजायच्या कामावर होता. या नव्या पदार्थाला नाव पडलं व्हॅसिसीन. पुढे 1920च्या दशकात कलकत्त्याला रामनाथ चोप्रांनी त्याचा श्वासनलिकांवरचा परिणाम तपासला. 1959मध्ये अमीन आणि मेहता यांनी ‘नेचर’मध्ये व्हॅसिसिनोनबद्दल लिहिलं, हा व्हॅसिसीनचाच भाऊबंद, श्वासनलिका सैल करणारा. आणि 1963मध्ये एका जर्मन कंपनीने ब्रोमहेक्झिन बाजारात आणलं.

आत्या: व्हॅसिसीनवरून बेतलेलं.

दादा: बेतलेलं, हो. त्यातून काढलेलं नाही. इथेच तुम्ही सगळे घोळ घालता. ब्रोमहेक्झिन कारखान्यात बनतं, त्यासाठी पान लागत नाही. त्याच्या रेणूत ब्रोमीनचे दोन अणू आहेत, ते अडुळशात कुठून येणार? व्हॅसिसीनमध्ये एकमेकांना चिकटलेली तीन कडी आणि दोन नायट्रोजन. जर्मनांनी त्यातला एक भाग धरला, बाकीचं सोडून दिलं आणि आपल्या मनाचा रेणू बांधला. पानाने कल्पना दिली, काम प्रयोगशाळेने केलं.

आत्या: कल्पना दिली म्हणतोस तर तिचं नाव पट्टीवर कुठे आहे? शेकडो वर्षं इथल्या वैद्यांनी कासाला, श्वासाला, रक्तपित्ताला वासा, म्हणजे हाच अडुळसा, दिला. हूपरने आभाळातून नाही पान उचललं. कोणीतरी त्याला सांगितलं असेल, की हे खोकल्यावर चालतं.

दादा: ते मान्य. पण नाव छापल्याने कफ पातळ होत नाही.

(इथे माझं मत आत्याच्या बाजूने. कफ पातळ होत नाही हे खरं, पण उसनं घेतलं तर उसनं म्हणावं. असो.)

मी: कफ पातळ होतो म्हणजे नक्की काय होतं, ते आधी सांगा. बाकीचं नंतर भांडा.

दादा: घट्ट कफात लांब लांब तंतूंचं जाळं असतं. ब्रोमहेक्झिन ते तंतू मोडायला मदत करतं, कफ वाहता होतो आणि खोकून बाहेर पडतो. पोटात गेल्यावर यकृत त्याचं रूपांतर करतं आणि त्यातून अॅम्ब्रॉक्सॉल तयार होतं. ते पुढे स्वतंत्र औषध म्हणून विकायला लागले. गंमत म्हणजे हेच अॅम्ब्रॉक्सॉल आता पार्किन्सन्सच्या रुग्णांवर तपासलं जातंय. लंडनच्या संशोधकांनी 2020 साली त्याचा पहिला छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. कुंपणावरच्या पानापासून सुरू झालेली वाट मेंदूपर्यंत गेली.

आत्या: बघ, म्हणजे तूच माझी बाजू मांडतोयस.

दादा: मी रेणूची बाजू मांडतोय.

आत्या: रेणू, रेणू! पानात एकच गोष्ट असते का? व्हॅसिसीन आहे, व्हॅसिसिनोन आहे, आणखी किरकोळ अल्कलॉइड आहेत, फ्लॅव्होनॉइड आहेत, थोडं सुगंधी तेल, क जीवनसत्त्व. तू एक मोती उचलतोस आणि म्हणतोस हाच हार.

दादा: बरं, तुझ्या हाराचं वजन करू. वाळलेल्या पानात एकूण अल्कलॉइड अर्ध्या टक्क्यापासून दोन टक्क्यांपर्यंत सापडतात. झाड कुठलं, पान कोवळं की जून, कुठल्या ऋतूत तोडलं, सावलीत वाळवलं की उन्हात, यावर ते ठरतं. तू काढ्याला दहा ग्रॅम वाळलेलं पान घेतेस ना? त्यातलं सगळं पाण्यात उतरलं असं धरलं, तर एका रुग्णाला 50 मिलिग्रॅम मिळतील आणि दुसऱ्याला 200. चौपट फरक. माझी गोळी आठ मिलिग्रॅमची, सोमवारीही आठ आणि गुरुवारीही आठ. तुझ्या दहा ग्रॅमला मात्रा म्हणायची की अंदाज?

आत्या थोडी थांबली. मग मला म्हणाली, “ऊठ, दाखवते.” आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरात गेलो.

अडुळशाची पानं तिने सकाळीच तोडून धुतली होती. आधी चार कच्ची पानं पाट्यावर वाटून दाखवली. हिरवा, चिवट चोथा झाला. फडक्यात घालून पिळला तर बोटं ओली होण्याइतकाही रस निघेना. मग बाकीची पानं मोदकपात्रात उकडायला ठेवली. थोड्या वेळाने झाकण काढलं तेव्हा पानांचा रंग उतरून ती काळपट झाली होती आणि घरभर उग्र, कडवट वास. गरम असतानाच फडक्यात गुंडाळून तिने पीळ दिला, तशी काळसर हिरवी धार वाटीत पडली. दादाने बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. आत्याने त्यात मध घातला, चिमूटभर मिरपूड टाकली.

आत्या: हे मी घरी करते ते सोपं रूप. शास्त्रात पुटपाक सांगितलाय. पानं कुटून गोळा करायचा, वडाच्या किंवा जांभळीच्या पानांत बांधायचा, वरून मातीचा थर द्यायचा, निखाऱ्यात ठेवायचा. माती लाल झाली की काढायचा, फोडायचा, पिळायचा. कोणाला तरी शेकडो वर्षांपूर्वी कळलं होतं, की हे पान नुसतं वाटून रस देत नाही, त्याला वाफ लागते. हा अंदाज आहे?

दादा: नाही. ही पद्धत आहे, आणि चांगली आहे. वाफेने पेशी फुटतात, रस सुटतो. हवा आणि उष्णता मिळाली की व्हॅसिसीनचा काही भाग व्हॅसिसिनोन होतो, तोही उपयोगाचा. मी पद्धतीला अंदाज म्हटलंच नाही. त्या वाटीत किती मिलिग्रॅम आहेत ते तुला माहीत नाही, एवढंच म्हटलं.

आत्या: मला रुग्ण माहीत असतो. कोरडा खोकला की ओला, कफ पिवळा की पांढरा, प्रकृती उष्ण की थंड, कोठा कसा. मात्रा मी रुग्णावर ठरवते. तुझी आठ मिलिग्रॅम गोळी आमच्या दोनशे पौंडी सरपंचाला आणि काडीसारख्या मास्तरणीला सारखीच.

दादा: तू ज्याला नाडी धरून देतेस त्याची मला काळजी नाही. मला काळजी आहे बाजारातल्या पुडीची.

त्याने मग बॅगेतून एक छोटी काचपट्टी काढली, कागदात गुंडाळलेली. मागच्या खेपेला तो आत्याकडची वाळलेली पानं घेऊन गेला होता, आणि बाजारातून अडुळसा चूर्णाची एक पुडी. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. दोन्हींचे अर्क सिलिकाचा थर दिलेल्या पट्टीवर शेजारी शेजारी टिपकावून त्याने द्रावक वर चढू दिला होता, मग ड्रॅजेनडॉर्फचं रसायन फवारलं होतं. अल्कलॉइड असेल तिथे ते नारिंगी होतं. आत्याच्या पानाच्या रांगेतला ठिपका ठसठशीत नारिंगी, अजूनही. पुडीच्या रांगेतला मला दिव्याजवळ नेऊन शोधावा लागला.

दादा: चूर्ण सूक्ष्मदर्शकाखालीही पाहिलं. अडुळशाच्या पानात चुन्याचे लांबट खडे असतात, सिस्टोलिथ म्हणतात, ते दिसले की पान ओळखू येतं. पुडीत ते होते, पण विरळ. बाकीचा पाला कुठला ते मला छातीठोक सांगता येणार नाही.

आत्या: महारुख असेल. तो पाला घालतात हे जुनं दुखणं आहे. गुजरातकडे अडुळशाला अरडूसी म्हणतात आणि महारुखाला अरडूसो. पाला गोळा करणाऱ्याने एक सांगितलं, घेणाऱ्याने दुसरं ऐकलं. अख्खं पान असेल तर शेंबडं पोरही सांगेल, महारुखाच्या एका देठाला किती तरी दातेरी पानं असतात. चुरा झाला की सगळं सारखं. आणि केरळातले वैद्य तर वेगळा, लहान पानाचा अडुळसा वापरतात. तो भेसळ नव्हे, त्यांची परंपराच तशी.

दादा: आता तूच सांग, पुडी घेणाऱ्या बाईने काय करावं?

आत्या: पुडी घेऊ नये. झाड लावावं.

दादा: चौथ्या मजल्यावर?

आत्या: कुंडीत येतो अडुळसा. काडी खोचली तरी लागतो.

(हे खरं आहे, माझ्या डोंबिवलीच्या गॅलरीत लागलाय. पण एका कुंडीतून घरभर खोकल्याला पुरतील इतकी पानं निघत नाहीत, हेही खरं.)

मी: आत्या, तू पुरावा मागितला तर चिडतेस, म्हणून मी विचारते. माणसांवर नीट चाचणी झालीय का अडुळशाची?

दादा: थोडी, आणि तीही अर्धवट. 2005मध्ये आर्मेनियात एक चाचणी झाली, सर्दी-खोकल्याच्या रुग्णांवर, पण औषधात अडुळशाबरोबर आणखी दोन वनस्पती होत्या. गुण कोणाचा, कसं सांगणार? 2021 साली दिल्लीच्या सीएसआयआरच्या जीनोमिक्स संस्थेने अडुळशाच्या अर्काने फुप्फुसातली सूज आणि प्राणवायूच्या कमतरतेचे परिणाम कमी होतात असं दाखवलं. उंदरांमध्ये. कोविडच्या काळात त्यावरून व्हॉट्सअॅपवर काय काय फिरलं ते तुला आठवत असेल. उंदीर गाळून फक्त कोविड उरला होता.

आत्या: चाचणी का होत नाही ते बोल ना. कोटी कोटी रुपये घालून कुंपणावरच्या पानाची चाचणी कोण करील? पेटंट मिळणार नाही. उद्या सिद्ध झालं तरी लोक परड्यातून पान तोडतील, कंपनीला काय मिळेल? ज्याच्यात पैसा त्याचाच पुरावा. आणि पुरावा असलेल्या तुझ्या औषधांचं काय झालं 2025मध्ये? छिंदवाड्याची पोरं. सिरप पिऊन किडन्या गेल्या, नागपूरच्या हॉस्पिटलांत आणली. वीसहून जास्त गेली.

दादा बराच वेळ बोलला नाही. आमच्या घरात हा विषय निघाला की असंच होतं.

दादा: ते खोकल्याच्या औषधाने नाही झालं, आत्या. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं, शेकडा 48 च्या वर. मर्यादा शेकडा 0.1 ची. हे गाडीच्या इंजिनात जाणारं द्रावक. गॅम्बियात 2022 मध्ये हेच झालं होतं. कच्चा माल तपासला असता तर बॅच कारखान्याबाहेरच पडली नसती. आमच्याकडे ही तपासणी रोज होते, एका दुपारचं काम आहे. म्हणून तर मी ओरडतो. जो तपासत नाही तो गोळीवालाही मारतो आणि पालावालाही. आणि “वनस्पतीजन्य” लिहिलेल्या सिरपमध्येही गोडी, रंग, द्रावक असतातच. वनस्पतीचं नाव वर आलं म्हणून आतलं द्रावक शुद्ध होत नाही.

आत्या: मी सिरप देतच नाही. पोरांना तर मुळीच नाही.

दादा: मध देतेस.

आत्या: वर्षाच्या आतल्या पोराला नाही देत. मला शिकवू नकोस.

इथे त्यांचं पहिल्यांदा जमलं. त्याच दुर्घटनेनंतर ऑक्टोबर 2025मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्यांना सहसा देऊ नयेत. मुलांचा बहुतेक खोकला आपणच जातो, हे आत्याही म्हणते, दादाही म्हणतो. फक्त आई-बापांना ते ऐकायचं नसतं.

दादा: आता तुझ्या पानाचा दोष सांगतो. 1980च्या सुमारास जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की व्हॅसिसीन गर्भाशयाला आकुंचन आणतं. इतकं, की प्रसूतीनंतरच्या वापरासाठी आणि गर्भपातासाठीही त्याचा विचार झाला. पोटुशी बाई खोकल्याला सरळ अडुळशाची बाटली आणून प्यायली तर?

आत्या: मी कधी देत नाही गरोदर बाईला. जुन्या ग्रंथांत सुखप्रसवासाठी वासामुळाचा लेप सांगितलाय; ज्याला ते वाचता येतं त्याला कळतं, की याचा संबंध गर्भाशयाशी आहे. वैद्याला माहीत असतं. दुकानदाराला नसतं.

दादा: आणि बाटलीवर?

आत्या: बाटलीवर शोधावं लागतं. बारीक अक्षरात, असलं तर.

मी त्या दिवशी कपाटातल्या दोन बाटल्या पाहिल्या. एकीवर “वैद्यकीय सल्ल्याने घ्या” एवढंच होतं. दुसरीवर तेही नव्हतं, पण डोंगर, सूर्य आणि पानाचं चित्र मोठं होतं.

आत्याने मग दादालाही सोडलं नाही. 2015मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी अॅम्ब्रॉक्सॉल आणि ब्रोमहेक्झिन या दोन्हींच्या माहितीपत्रकात गंभीर अॅलर्जीचा आणि त्वचेच्या तीव्र प्रतिक्रियांचा इशारा घालायला लावला, हे तिला माहीत होतं. धोका फार थोडा, पण आहे. दादा म्हणाला, धोका सापडला आणि लिहिला, हीच तर माझी बाजू. आत्या म्हणाली, 1963पासून 2015पर्यंत वेळ लागला, ही माझी.

क्षयाचा विषय मात्र दोघांनी पटकन आटपला. रक्त पडणाऱ्या खोकल्याला वासा हे आयुर्वेदाचं जुनं औषध. 1996मध्ये ब्रोमहेक्झिन आणि अॅम्ब्रॉक्सॉल क्षयाच्या जंतूंची वाढ रोखतात असं प्रयोगशाळेतल्या नळीत दिसलंही. पण नळी म्हणजे फुप्फुस नव्हे. आत्याकडे दोन आठवड्यांहून जुना खोकला आला की ती आधी थुंकी तपासायला सरकारी केंद्रात पाठवते, अडुळसा नंतर. क्षयाची औषधं तिथे फुकट मिळतात आणि ती पुरती घ्यावी लागतात. त्यावर तिचं आणि दादाचं कधीच भांडण झालं नाही.

शेवटी दोघं आपापल्या जागी अडून बसले, तेव्हा मी वही मिटली. आता माझा निकाल. पान खोटं नाही. हूपरपासून जम्मूपर्यंतच्या रसायनाने त्याची साक्ष दिली आहे, आणि आत्यासारख्या जाणत्याच्या हातात ते औषध आहे. पण आत्या सगळ्यांना लाभत नाही. बहुतेकांना लाभतं ते दुकानातलं फडताळ. म्हणून अडुळशाच्या नावाने चूर्ण, अवलेह, सिरप विकणाऱ्या प्रत्येक उत्पादकाने दोन गोष्टी कराव्यात. एका मात्रेत व्हॅसिसीन किती मिलिग्रॅम, ते मोजून बाटलीवर लिहावं. आणि गरोदर स्त्रियांनी हे घेऊ नये, हे पानाच्या चित्राइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावं. तोपर्यंत तुम्ही बाटली घ्याल तेव्हा या दोन ओळी शोधा, आणि नसतील तर ती परत फडताळात ठेवा.